भागीदार हा कर्ता नव्हे

अहमदपूरच्या मोंढ्यात एका अडत दुकानाच्या गादीवर पंचवीस वर्षे दोन तक्के मांडलेले असत. एकाला टेकून शेठजी बसत, दुसऱ्याला अप्पा. शेठजी पिढीजात व्यापारी जैन घराण्यातले. अप्पा तालुक्यातल्याच एका खेड्यातून आलेले, लिंगायत शेतकऱ्याचे चिरंजीव. शेठजींनी भांडवल घातले, अप्पांनी माणसे जोडली. कोणत्या गावच्या कोणत्या रानात तूर कशी उभी आहे, कोणाच्या घरी लग्न निघाले आहे आणि कोणाला उचल दिली तर ती फिटेल, हे अप्पांना वही न पाहता सांगता येई.

नफ्यातील वाटा ठरला होता. शेठजींचे दहा आणे, अप्पांचे सहा. हा ठराव तोंडी झाला आणि तोंडीच राहिला. बाजार समितीचा परवाना शेठजींच्या नावावर, बँकेतील खाते त्यांच्या नावावर, पुढे जीएसटीची नोंदणी झाली तीही त्यांच्याच नावावर. दिवाळीत वहीपूजन झाले की मुनीमजी एका कागदावर अप्पांचा वाटा लिहून देत. अप्पा तो कागद न वाचता घडी करून खिशात ठेवीत. मोंढ्यात या जोडीचे उदाहरण दिले जाई. संवत्सरीच्या दिवशी शेठजी हात जोडून अप्पांना ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणत, तेव्हा अप्पा हसून विचारीत, “शेठ, तुमचं काय चुकलंय म्हणून माफी मागता?” शेठजीही हसत.

२०२२ च्या जानेवारीत अप्पा अचानक गेले. शिवगणाराधना झाली, पाहुणे परतले, आणि महिनाभराने शेठजी त्यांच्या घरी गेले. पुण्याला नोकरी करणारा मुलगा आईशेजारी बसला होता. वहिनींनी चहा दिला आणि फार न बोलता विषय काढला.

“भाऊजी, ह्यांचे दोनेक लाख दुकानात आहेत असं कधीतरी बोलले होते. तेवढे आणि यंदाचा वाटा द्या. आमचं दुसरं काही म्हणणं नाही.”

‘बरं’ हा शब्द शेठजींच्या ओठांवर आला होता. तो त्यांनी गिळला आणि म्हणाले, “हिशेब पाहून सांगतो, वहिनी.”

हिशेब पाहण्याची वस्तुतः गरज नव्हती. खतावणीत अप्पांच्या नावे किती जमा आहे हे शेठजींना तोंडपाठ होते. दरवर्षीच्या वाट्यातला काही भाग अप्पा दुकानातच ठेवीत आले होते, आणि ती रक्कम सात लाख चाळीस हजारांवर गेली होती. वहिनींना दोन लाखांची माहिती होती. शेठजी नुसते ‘बरं’ म्हणाले असते तर व्यवहार तिथेच संपला असता, आणि वहिनींनी वर आभारही मानले असते.

घरी परतताना त्यांना चातुर्मासातील एक प्रवचन आठवले. सत्याणुव्रताचे अतिचार सांगताना महाराजसाहेबांनी ‘न्यासापहार’ या शब्दापाशी बराच वेळ घेतला होता. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात हा शब्द येतो, आणि टीकाकारांनी त्याचा अर्थ फार नेमका केला आहे. ठेव ठेवणारा आपलीच रक्कम विसरला आणि त्याने कमी मागितली, तेव्हा ठेव सांभाळणाऱ्याने ‘हो, तेवढीच’ म्हणून संमती देणे, हा तो दोष. यात कोणी कुलूप तोडलेले नसते, खोटा दस्तऐवज केलेला नसतो. केवळ एका होकाराने व्रताला दोष लागतो. प्रवचन ऐकताना शेठजींनी मान डोलावली होती. त्या वेळी तो दोष दुसऱ्या कोणाचा तरी वाटला होता.

सात लाख चाळीस हजारांचा प्रश्न त्या रात्रीच सुटला. ती रक्कम खतावणीत लिहिलेली होती, ती द्यायचीच. अडचण होती ती खतावणीत न लिहिलेल्या रकमेची.

२०२१ च्या आरंभी सोयाबीन पाच हजारांच्या आत-बाहेर होते. गादीवर बसल्या बसल्या अप्पा एकदा सहज म्हणाले होते, “शेठ, यंदा कास्तकाराच्या घरात माल राहिलेला नाही.” ही माहिती कोणत्याही वर्तमानपत्रात नव्हती. ती अप्पांच्या पंचवीस वर्षांच्या वहिवाटीतून आलेली होती. शेठजींनी त्या महिन्यात तीनशे क्विंटल सोयाबीन मुलाच्या नावाने घेतले. पैसा शेठजींचा, माल ठेवला दुकानाच्या गोदामात, बारदाना दुकानाचा आणि हमालही दुकानाचे. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात सोयाबीनने दहा हजारांच्या आसपास मजल मारली, हे मराठवाड्यातला प्रत्येक व्यापारी जाणतो. शेठजींनी त्याआधी थोडे घाईने विकले, तरी खर्च वजा जाता बारा लाख रुपये उरले. ते मुलाच्या खात्यात गेले. अप्पांनी गोदामातली ती थप्पी पाहिली असणारच. त्यांनी काही विचारले नाही आणि शेठजींनी काही सांगितले नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणानंतर शेठजींनी हा विषय सुनेजवळ काढला. सून वाणिज्य पदवीधर, लग्नाआधी लातूरला एका करसल्लागाराच्या कार्यालयात काम केलेली. तो नफा तिच्याच नवऱ्याच्या खात्यात होता, म्हणून ती बाजू सांभाळून बोलेल असे शेठजींना वाटले असावे. तिने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, “पप्पा, अप्पा कोण होते? भागीदार, की दलालीवर काम करणारे?”

प्रश्न वरवर साधा होता. आयकराच्या विवरणात अप्पांना दिलेली रक्कम वर्षानुवर्षे दलाली म्हणून दाखवली गेली होती, कारण दुकान कागदोपत्री एकट्या शेठजींचे होते. भारतीय भागीदारी अधिनियम १९३२ चा आहे. निजामाच्या राज्यात असलेल्या या मुलखाला तो १९५१ पासून लागू झाला. त्याच्या चौथ्या कलमानुसार सर्वांनी मिळून किंवा सर्वांच्या वतीने एखाद्याने चालवलेल्या व्यवसायाचा नफा वाटून घेण्याचा करार ज्यांच्यात झाला आहे, ते भागीदार. हा करार तोंडीही चालतो. मात्र सहाव्या कलमात एक सावधगिरी आहे. केवळ नफ्यात वाटा मिळतो म्हणून कोणी भागीदार ठरत नाही. नोकराला किंवा प्रतिनिधीलाही मेहनताना म्हणून नफ्याचा अंश दिला जाऊ शकतो. खरे नाते काय होते, हे सर्व वस्तुस्थिती एकत्र पाहून ठरवावे लागते.

याचा अर्थ शेठजींना त्या क्षणी स्पष्ट दिसला. उद्या वाद झाला आणि शेठजी म्हणाले की अप्पा भागीदार नव्हतेच, तर कागद त्यांच्या बाजूने बोलणार होते. वहिनींजवळ पुरावा म्हणून मुनीमजींच्या हातच्या काही चिठ्ठ्या होत्या, त्याही सगळ्या जपून ठेवल्या असतील तर. अप्पांच्या पंचवीस वर्षांचा सर्वांत मोठा साक्षीदार स्वतः शेठजी होते.

“भागीदार होते,” शेठजी म्हणाले.

“मग सोयाबीनच्या पैशाचा हिशेब द्यावा लागेल,” सून म्हणाली. “नाव कोणाचं घातलं, हे नंतर येतं. पैसा, जागा आणि माहिती कोणाची वापरली, हे आधी येतं.”

कायद्याचे सोळावे कलम याच प्रसंगासाठी लिहिल्यासारखे आहे. वेगळा करार नसेल तर, पेढीच्या व्यवहारातून, पेढीच्या मालमत्तेच्या वा व्यापारी संबंधांच्या वापरातून किंवा पेढीच्या नावावर एखाद्या भागीदाराने स्वतःसाठी नफा मिळवला, तर त्याने त्याचा हिशेब देऊन तो नफा पेढीत भरला पाहिजे. पेढीशी स्पर्धा करणारा तसाच व्यवसाय त्याने चालवला, तर त्यातील सर्व नफ्यालाही हाच नियम. नववे कलम याहून मूलभूत आहे. भागीदारांनी व्यवसाय सर्वांच्या अधिकाधिक हितासाठी चालवावा, परस्परांशी न्यायाने आणि निष्ठेने वागावे, आणि पेढीशी संबंध असलेल्या प्रत्येक गोष्टीचा खरा हिशेब व पूर्ण माहिती भागीदाराला किंवा त्याच्या कायदेशीर प्रतिनिधीला द्यावी, असे ते सांगते. ‘मागितला तर’ अशी अट त्यात नाही. आणि ‘कायदेशीर प्रतिनिधी’ या दोन शब्दांत विधवा पत्नी आली, पुण्याचा मुलगाही आला.

शेठजींच्या मनात लोभ होता का? थोडा असेल. पण त्यांच्या वागण्याचे मूळ अधिक खोल होते. ते एकत्र कुटुंबात वाढले होते. घरात वडील कर्ते होते, मग थोरले बंधू, त्यानंतर स्वतः शेठजी. कर्ता व्यवहार करतो, कोणाला किती द्यायचे ते ठरवतो, आणि रोजच्या रोज त्याला हिशेब विचारणे हा घरात अविनय समजला जातो. कायदाही एकत्र हिंदू कुटुंबाच्या व्यवसायाला भागीदारी मानत नाही, आणि या बाबतीत जैन कुटुंबांनाही तोच नियम लागू आहे. पाचवे कलम सांगते की भागीदारीचे नाते जन्माने मिळालेल्या स्थानातून निर्माण होत नाही. ते करारातून निर्माण होते. शेठजींनी अप्पांना मनापासून घरातले मानले आणि त्यासोबत घरातली सवयही गादीवर आणून बसवली. अप्पांना ते धाकट्या भावासारखे वागवीत, वेळेला धावून जात, मुलीच्या लग्नात पुढे होऊन उभे राहत. हिशेब मात्र धाकट्या भावाला देतात तेवढाच देत.

व्यापारी घरांतील पुष्कळ तंट्यांची जड इथेच असते. कर्ता उदार असू शकतो, परंतु भागीदाराला उदारतेची गरज नसते. त्याला माहिती हवी असते. दोन्ही नाती पवित्र आहेत, पण त्यांचे नियम वेगळे आहेत.

भांडवल एकाचे आणि कसब दुसऱ्याचे, अशी भागीदारी या भागाला नवी नाही. सोलापूरच्या जैन घराण्यातील वालचंद हिराचंद यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी लक्ष्मणराव बळवंत फाटक यांच्याबरोबर रेल्वेच्या बांधकामाची कंत्राटे घेतली. फाटक हे पूर्वी रेल्वेत कारकून होते. भांडवल आणि पत वालचंदांच्या घराची होती. बार्शी लाइट रेल्वेचे काम या जोडीने केले, आणि हीच छोटी रेल्वे पुढे १९११ मध्ये लातूरपर्यंत पोहोचली. ही पेढी ‘फाटक-वालचंद’ म्हणून ओळखली जाई. भांडवल नसलेल्या भागीदाराचे नाव त्यात आधी येई. त्या काळी भागीदारीचे नियम १८७२ च्या करार कायद्यातील अकराव्या प्रकरणात होते. स्वतंत्र अधिनियम साठ वर्षांनी आला. पुढे जहाजबांधणी आणि विमानांच्या कारखान्यापर्यंत गेलेल्या उद्योजकाची पहिली मोठी पायरी ही अशी दोन वेगळ्या समाजांतील माणसांच्या भागीदारीची होती. अप्पांचे नाव मात्र दुकानाच्या पाटीवर कधी आले नाही.

कागद नसण्याचा तोटा फक्त अप्पांच्या घराला होता, असेही नाही. सुनेने तेराव्या कलमाकडे लक्ष वेधले, तेव्हा शेठजी चपापले. वाट्याबद्दल करार सिद्ध झाला नाही, तर सर्व भागीदारांचा नफा समान धरला जातो. भांडवल कमी-जास्त असले तरी हाच नियम. म्हणजे दहा आणे-सहा आणे सिद्ध करण्याची जबाबदारी शेठजींवर आली असती, अन्यथा आठ-आठ. करारात तसे ठरलेले नसेल तर भागीदाराला कामाचा पगार मागता येत नाही आणि भांडवलावर व्याजही मागता येत नाही. पंचविसाव्या कलमाने पेढीच्या देण्याला प्रत्येक भागीदार एकत्रितपणे आणि स्वतंत्रपणेही जबाबदार असतो. देणेकरी संपूर्ण रक्कम एकट्याकडून वसूल करू शकतो. तोंडी विश्वासावर चालणाऱ्या दुकानात हे सर्व नियम अदृश्यपणे हजर असतात. माणसांनी स्वतः लिहून ठेवले नाही, म्हणजे कायद्याने लिहिलेले लागू होते, एवढाच त्याचा अर्थ.

मृत्यूनंतरचे नियम तर पुष्कळांना ठाऊकच नसतात. वेगळा करार नसेल तर भागीदाराच्या मृत्यूबरोबर पेढी विसर्जित होते. दुकान दुसऱ्या दिवशी उघडते, काटा चालू राहतो, पण कायद्याच्या दृष्टीने जुनी पेढी संपलेली असते. अंतिम हिशेब न करता उरलेल्या भागीदारांनी मृताच्या पैशावर व्यवसाय चालू ठेवला, तर सदतिसाव्या कलमाप्रमाणे वारसांना निवड करता येते: त्या पैशामुळे झालेल्या नफ्याचा वाटा, किंवा सालीना सहा टक्के व्याज. पेढीचा नावलौकिक हीसुद्धा हिशेबात धरायची मालमत्ता आहे. अडत दुकानाचा नावलौकिक म्हणजे दारात माल घेऊन येणारा शेतकरी, आणि तो पुष्कळसा अप्पांना पाहून येत असे.

नोंदणीचा प्रश्न वेगळा. भागीदारीची नोंदणी सक्तीची नाही. परंतु एकोणसत्तराव्या कलमाप्रमाणे नोंदणी नसलेल्या पेढीला करारातून आलेल्या येण्यासाठी बाहेरच्यांवर दावा लावता येत नाही, आणि भागीदाराला करारातील हक्कासाठी पेढीवर किंवा दुसऱ्या भागीदारावर दावा लावता येत नाही. पेढीचे विसर्जन आणि विसर्जित पेढीचा हिशेब मागण्याचा दावा मात्र मूळ कायद्यात मोकळा ठेवलेला होता. महाराष्ट्राने १९८४ च्या दुरुस्तीने, १ जानेवारी १९८५ पासून, तोही मार्ग नोंदणी नसलेल्या पेढीच्या भागीदारांना बंद केला. नोंदणी वाढावी हा हेतू. त्याचा परिणाम असा झाला की, पेढीत पैसा अडकलेल्या माणसाला तो मोकळा करून घेण्यासाठी न्यायालयात जाण्याची वाटच उरली नाही. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती घटनाबाह्य ठरवली. ध्यानात ठेवण्यासारखे हे की, त्या कठोर दुरुस्तीतही मृत भागीदाराच्या वारसांना हिशेब मागण्याची मोकळीक दिलेली होती. मागे राहिलेल्या माणसाला वह्यांमधले काही ठाऊक नसते, हे कायद्याने तिथेही ओळखले होते.

मुदत मात्र वारसांसाठीही थांबत नाही. विसर्जित पेढीचा हिशेब आणि नफ्यातील वाटा मागण्याचा दावा विसर्जनापासून तीन वर्षांच्या आत करावा लागतो. दुःखात पहिले वर्ष जाते, संकोचात दुसरे. तिसऱ्या वर्षी कोणीतरी जाणता भेटतो, आणि तोवर वेळ निघून गेलेली असते. शेठजी नुसते गप्प बसले असते, तरी काळाने त्यांचे काम केले असते.

ते गप्प बसले नाहीत. मार्चअखेर मुनीमजींनी अप्पांच्या मृत्यूच्या तारखेपर्यंतचा ताळेबंद केला. बाहेरची देणी आधी, मग भागीदारांनी दिलेल्या उसन्या रकमा, मग भांडवल, आणि उरलेले वाट्याप्रमाणे, हा कायद्यातील क्रम पाळला. खतावणीतील सात लाख चाळीस हजारांखाली एक नवी ओळ आली: सोयाबीन, तीनशे क्विंटल, नफा बारा लाख, पैकी सहा आणे, चार लाख पन्नास हजार. मुलगा दोन दिवस घरात बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्याने धनादेशावर सही केली.

शेठजी वह्या घेऊन अप्पांच्या घरी गेले. वहिनींनी मुलाला वाचायला सांगितले. तो सोयाबीनच्या ओळीपाशी थांबला. वहिनींनी विचारले, “ह्यांना हे माहीत होतं का?”

“थप्पी पाहिली असेल,” शेठजी म्हणाले. “मी सांगितलं नव्हतं.”

वहिनी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग मुलाला म्हणाल्या, “पुढचं वाच.”

मुलाला दुकानात यायचे नव्हते, आणि वहिनींनीही भागीदार म्हणून राहण्याचे नाकारले. राहिलेली रक्कम दिवाळीपर्यंत तीन हप्त्यांत व्याजासह द्यायची, असे लिहून झाले आणि दोन्ही बाजूंच्या सह्या झाल्या. अप्पांच्या गावांतले काही शेतकरी पुढच्या हंगामात दुसऱ्या अडतीकडे गेले, काही आले. त्याबद्दल शेठजींनी कोणाला दोष दिला नाही.

दुकान आता नव्या भागीदारी पेढीच्या नावे आहे. भागीदार दोन, शेठजी आणि सून. सासरा आणि सुनेत कागद कशाला, असे मोंढ्यात दोघा-तिघांनी विचारले. करारपत्र मुद्रांकावर झाले आणि भागीदारी संस्था निबंधकांकडे नोंदले गेले. त्यात भांडवल, वाटा, पगार, व्याज, स्वतंत्र व्यवहाराला लागणारी लेखी संमती, निवृत्ती आणि मृत्यूनंतरचा हिशेब यांची कलमे आहेत. एक कलम सुनेने आग्रहाने घालून घेतले: वर्षाचा ताळेबंद प्रत्येक भागीदाराने स्वतः वाचावा, त्यावर सही करावी आणि त्याची एक प्रत घरातील दुसऱ्या एका सज्ञान व्यक्तीला द्यावी.

त्या वर्षी संवत्सरीला शेठजी अप्पांच्या घरी गेले. दुसरा हप्ता बरोबर होता. त्यांनी हात जोडून ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हटले. वहिनींनीही हात जोडले, पावती लिहून दिली आणि तिसऱ्या हप्त्याची तारीख एकदा वाचून खात्री करून घेतली. मग चहा ठेवला.